महापद्म बाइट आणि आठ ठिपक्यांचा चोर

टू एमपीच्या, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या, साध्या कॅमेऱ्याचं चित्र १,९२० ठिपके रुंद आणि १,०८० ठिपके उंच असतं. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला तीन बाइट धरले, तर एक चित्र ६२ लाख बाइटचं झालं. अशी चित्रं सेकंदाला २५, आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार करून बघा. समजा, हा कॅमेरा जिन्यात आहे. त्याच्यासमोरून दिवसभरात दूधवाला, कचरेवाल्या मावशी, शाळेतून येणारी पोरं आणि एखादं मांजर जातं. बाकी वेळ समोर भिंत असते. तरी तो चोवीस तासांत १३.४ टेराबाइट माहिती तयार करतो. घराला असे चार कॅमेरे धरले, तर महिन्याची बेरीज होते १,६१२ टेराबाइट.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दश, शत अशी परार्धापर्यंत अठरा स्थानं सांगितली आहेत. त्यात एकावर बारा शून्यं म्हणजे महापद्म. एक टेराबाइट म्हणजे बरोबर एक महापद्म बाइट. आपल्या चार कॅमेऱ्यांचा महिना महापद्म, शंकू, जलधी मागे टाकून ‘अंत्य’ या स्थानावर पोहोचतो. पुढे फक्त मध्य आणि परार्ध उरतात.

आणि दुकानदार तुमच्या हातात एक टेराबाइटची डिस्क ठेवून म्हणतो, “दहा-अकरा दिवसांचा बॅकअप आरामात मिळेल, साहेब.”

तो खोटं बोलत नाही. मधली जादू करतं ते एच.२६४ नावाचं तंत्र. २००३ साली हे मानक ठरलं आणि आज बहुतेक डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी खोकी, त्याच्यावर किंवा २०१३च्या एच.२६५वर चालतात. त्याचा विचार कोकणस्थी काटकसरीचा आहे. भिंत मघाशी होती, आत्ता आहे, पुढच्या चित्रातही असणार. मग ती पुन्हा पुन्हा लिहायची कशाला? एक-दोन सेकंदांनी एकदा पूर्ण चित्र लिहायचं आणि मधल्या चित्रांत चौकोनी तुकडे पाडून कोणता तुकडा कुठे सरकला एवढंच नोंदवायचं. त्यामुळे मूळचे सेकंदाला १५ कोटी ५५ लाख बाइट उतरून अडीच लाखांवर येतात. सव्वासहाशे पट आवळलेलं चित्र बघताना आपल्याला काही हरवल्यासारखं वाटतही नाही. कॅमेऱ्याच्या भाषेत हा वेग २ एमबीपीएस (सेकंदाला २० लाख बिट), आणि त्यात दिवसाला कॅमेऱ्यामागे २१.६ जीबी खर्ची पडतात.

पण काटकसर भिंतीवर होते. कॅमेऱ्यासमोर गुलमोहराची फांदी हलत असेल, जुलैतला पाऊस कोसळत असेल किंवा अंधारामुळे चित्रात मुंग्या वळवळत असतील, तर दर चित्रात सगळंच बदललेलं असतं. अशा वेळी दोनच वाटा उरतात. वेग बांधलेला असेल, तर चित्र फासटतं. मोकळा असेल, तर डिस्क लवकर भरते. कॅमेरे लावणारे बहुतेक वेग बांधून ठेवतात, कारण ग्राहक दिवस मोजतो. त्याचा परिणाम असा, की समोर काही घडत नसतं तेव्हा चित्र काचेसारखं असतं आणि झटापट सुरू झाली की धूसर होतं. फांदी छाटणं हा डिस्क वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तो कुठल्याच दुकानात मिळत नाही.

चार कॅमेरे, प्रत्येकी २१.६ जीबी. एक टेराबाइट सुमारे ११ दिवस १४ तासांत भरते आणि डीव्हीआर जुन्यातलं जुनं पुसून त्यावर नवं लिहू लागतो. मे महिन्यात पंधरा दिवस गावी गेलात आणि दुसऱ्याच रात्री कुलूप तुटलं, तर परत येईपर्यंत ती रात्र पुसली गेलेली असते. म्हणून विचारायचं ते हे, की आपण जास्तीत जास्त किती दिवस घर बंद ठेवतो? तो आकडा दीडपट करावा आणि त्यावरून डिस्क घ्यावी. तुलनेसाठी, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं, तेव्हा रेकॉर्डिंग १८ महिने जपायला सांगितलं. त्याच २ एमबीपीएसने एका कॅमेऱ्याचे १८ महिने म्हणजे ११.८ टेराबाइट.

डिस्कचंही आयुष्य असतं. सोळा कॅमेऱ्यांची सोसायटी वर्षाला १२६ टेराबाइट लिहिते. घरच्या कॉम्प्युटरच्या डिस्कला उत्पादक वर्षाला साधारण ५५ टेराबाइटची मर्यादा घालतात, आणि पाळतीसाठी बनवलेल्या डिस्कला १८० किंवा त्याहून जास्त. “घरात जुनी पडली होती, तीच लावली” हे वाक्य ऐकलं की पुढचं भविष्य सांगायला ज्योतिषी लागत नाही. डिस्क बहुतेक वेळा गुपचूप मरते. पडद्यावर थेट चित्र दिसत राहतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

इंटरनेटवर साठवायचं म्हटलं तर? चार कॅमेरे अखंड वर पाठवत राहिले तर महिन्याला २,५९२ जीबी. घरच्या अनेक ब्रॉडबँड योजनांची महिन्याची मर्यादा ३,३०० जीबी असते, म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा जिन्याच्या भिंतीला. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीत एक कॅमेरा सव्वादोन तासही चालत नाही. त्यामुळे क्लाउडवाले कॅमेरे सहसा हालचाल झाली तेवढेच तुकडे वर पाठवतात. ते योग्यच आहे. फक्त त्याला चोवीस तासांचं रेकॉर्डिंग समजू नये.

आता साठवलेलं बघायचं कोणी? चार कॅमेरे, चोवीस तास, तीस दिवस: २,८८० तास. रोज आठ तास ऑफिसला गेल्यासारखं बसलं, रविवारची सुटी घेतली नाही, तर एका महिन्याचं फुटेज बघायला ३६० दिवस लागतात. तोवर पुढचे अकरा-बारा महिने साचलेले असतात. घरातलं रेकॉर्डिंग बघण्यासाठी नसतंच. ते शोधण्यासाठी असतं, आणि शोधायची पद्धत चुकली की यंत्र कितीही भारी असलं तरी उपयोग शून्य.

समजा, रात्री दहाला सायकल जिन्याखाली होती आणि सकाळी सहाला नाही. मधले आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद. सोसायटीचे सेक्रेटरी दहा वाजल्यापासून फुटेज पळवायला लागतात, आजूबाजूला तीन सभासद, चहा, आणि “थांबा थांबा, मागे घ्या.” त्याऐवजी थेट रात्री दोनचं चित्र उघडावं. सायकल दिसते? मग चोरी दोननंतरची. चारला दिसत नाही? मग दोन ते चारमधली. दर खेपेला उरलेला काळ निम्मा होतो. पंधरा वेळा चित्र बघितलं की सायकल गेली तो नेमका सेकंद सापडतो. आठ तासांऐवजी अख्खा महिना असता, २५,९२,००० सेकंद, तर किती वेळा बघावं लागलं असतं? बावीस. मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत आवडता आकडा हाच. शोधायचा काळ नव्वदपट झाला आणि कष्ट फक्त सातने वाढले.

अट एवढीच, की गेलेली वस्तू गेलेली राहिली पाहिजे. कोणी नुसतं येऊन डोकावून गेलं तर निम्मे-निम्मे करून काही हाती लागत नाही, कारण आधीचं आणि नंतरचं चित्र सारखंच दिसतं. तिथे माणूस ओळखणारे नवे कॅमेरे मदतीला येतात. त्यांच्याही जाहिरातीतला टक्का जरा गुणून बघावा. कॅमेरा दिवसाला २१,६०,००० चित्रं काढतो. दहा हजारांत एकदाच चुकणारं यंत्रसुद्धा रोज २१६ चित्रांत सावलीला किंवा दोरीवरच्या सदऱ्याला माणूस म्हणेल. म्हणून शहाणी यंत्रं सलग काही चित्रांत माणूस दिसल्याशिवाय मोबाइल वाजवत नाहीत. उरलेलं काम तुमचं. रस्ता, झाड आणि वाळत घातलेले कपडे इशाऱ्याच्या चौकटीबाहेर ठेवायचे. हे पंधरा मिनिटांचं काम न केलेली घरं आठवड्याभरात इशारे बंद करून टाकतात.

मुख्य मुद्दा मात्र वेगळाच आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा असतो मेगापिक्सेलचा: दोन, चार, पाच, आठ. दुकानातली सगळी घासाघीस त्याच्यावर चालते. चोराचा चेहरा ओळखता येईल की नाही हे ठरतं दुसऱ्याच आकड्यावर, आणि तो खोक्यावर कुठेच नसतो. चोर जिथे उभा राहणार, तिथल्या एका मीटरच्या वाट्याला किती ठिपके येतात?

याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२६७६-४. त्याच्या २०१४च्या आवृत्तीनुसार कोणीतरी आहे एवढं कळायला मीटरमागे २५ ठिपके लागतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५. अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. आता हे घराला लावून बघू. दुकानात सहसा मिळणाऱ्या २.८ मिलिमीटर भिंगाच्या कॅमेऱ्याला साधारण ९० अंशांचं दृश्य दिसतं. ९० अंशांचा हिशेब सोपा आहे: जितकं अंतर, त्याच्या दुप्पट रुंदी. पाच मीटरवर दहा मीटर रुंद, दहावर वीस.

टू एमपी कॅमेऱ्याकडे रुंदीत १,९२० ठिपके आहेत. त्यांना २५०ने भागलं की ७.६८ मीटर रुंदी येते, आणि ती ३.८४ मीटर अंतरावरच भरते. म्हणजे पावणेचार मीटरच्या पलीकडचा अनोळखी माणूस तुमच्यासाठी अनोळखीच राहणार. वीस मीटरवर, फाटकापाशी, मीटरला ४८ ठिपके. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटिमीटर रुंद; त्याच्या वाट्याला आठही ठिपके पूर्ण येत नाहीत. आठ ठिपक्यांत तुमचे मेहुणे आणि एखादा अट्टल घरफोड्या यांत फरक करता येत नाही. फाटकाबाहेर उभ्या गाडीची नंबर प्लेट अर्धा मीटर लांब असते, २४ ठिपके. त्यात ‘एमएच’पासून शेवटच्या आकड्यापर्यंत दहा चिन्हं बसवायची, प्रत्येकाला अडीच ठिपकेही नाहीत. चित्रपटात बोटांच्या इशाऱ्याने असली प्लेट मोठी होत होत स्पष्ट होते. घरी मोठी केली की मोठे चौकोन दिसतात. जे लिहिलंच गेलं नाही, ते वाढवणार कुठून?

“मग आठ एमपीचा घ्या ना.” घेतला. ठिपके चौपट झाले, ८२,९४,४००. पण ते रुंदीत आणि उंचीत वाटले जातात. रुंदीत दुप्पटच, ३,८४०. ओळख पटण्याचं अंतर पावणेचारवरून पावणेआठ मीटर झालं, डिस्क मात्र कितीतरी जास्त खाल्ली जाऊ लागली. उलट टू एमपीच्याच कॅमेऱ्याला १२ मिलिमीटरचं भिंग लावलं, तर दहा मीटरवर त्याला जेमतेम साडेचार मीटर रुंद पट्टा दिसतो आणि मीटरमागे सव्वाचारशे ठिपके मिळतात. त्याच जागी रुंद भिंगाचा आठ एमपी देतो १९२. स्वस्त कॅमेरा महागड्याला दुपटीने हरवतो, फक्त तो कुठे बघतोय हे आधी ठरवलेलं असलं पाहिजे. सगळं अंगण दिसणारा एक कॅमेरा ही मागणी प्रत्येक घरमालक करतो. सगळं दिसतं, ओळखू काहीच येत नाही.

घराच्या पाळतयंत्रणेचं एक गाजलेलं पेटंट १९६९मध्ये न्यू यॉर्कच्या क्वीन्समधल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांना पती अल्बर्ट यांच्यासह मिळालं. त्या नर्स होत्या. त्यांच्या आराखड्यात कॅमेरा एकच, तोही थेट दारातल्या चार वेगवेगळ्या उंचीच्या भोकांमागे वर-खाली सरकणारा. बाहेरच्याचा चेहरा हातभर अंतरावर. आजचा टू एमपी कॅमेरा दारात एक मीटरवर चेहरा टिपतो तेव्हा मीटरमागे ९६० ठिपके पडतात, म्हणजे चेहऱ्याला दीडशे. फाटकावरच्या आठच्या वीसपट. पहिला कॅमेरा दाराजवळ, डोळ्यांच्या उंचीच्या जरा वर, आणि मग उरलेल्या पैशांत अंगण, असं माझं मत आहे. छताच्या कोपऱ्यातून टोपीचा उत्तम फोटो येतो.

रात्री हिशेब आणखी बिघडतो. भर दुपारी उन्हात एक लाख लक्स उजेड असतो, पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्ससुद्धा नाही. चार लाख पटींचा हा उतार सोसताना कॅमेरा शटरही जास्त वेळ उघडं ठेवतो. सेकंदाचा पंचविसावा भाग शटर उघडं राहिलं तर चालणारा माणूस तेवढ्यात साडेपाच सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे चेहऱ्याचा एक तृतीयांश भाग फासटतो. ताशी २५ किलोमीटरने जाणारी स्कूटर २८ सेंटिमीटर. तिथे ठिपके कितीही असोत, नंबर वाचता येणार नाही. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर आणलं तरच धुरकटपणा दीड सेंटिमीटरच्या आत येतो, आणि मग जागेवर उजेड हवा. कॅमेऱ्याच्या अदृश्य अवरक्त दिव्यांबद्दल खोक्यावर ‘३० मीटर’ लिहिलेलं असतं. तीन मीटरवर पडतो त्याच्या शंभरावा भाग उजेड तीस मीटरवर पोहोचतो, हे लिहिलेलं नसतं. वर कॅमेऱ्यावर कोळी येतात, आणि भिंगासमोरचं जाळं त्या दिव्यांच्या उजेडात रात्रभर पांढरंशुभ्र चमकतं. दारात नऊ वॉटचा साधा एलईडी दिवा लावणं यापेक्षा कधीही बरं.

कॅमेऱ्याच्या कुलपाचंही, म्हणजे पासवर्डचंही, बघायला हवं. २०१६मध्ये ‘मिराय’ नावाच्या एका प्रोग्रामने जगभरातले घरगुती कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर काबीज केले. ऐन भरात सहा लाखांच्या आसपास यंत्रं त्याच्या ताब्यात होती. २१ ऑक्टोबर २०१६ला अशाच यंत्रांनी साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर एकदम धाड घातली आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन्‌तास अडखळल्या. या टोळीकडे हत्यार काय होतं? साठेक नाव-पासवर्डच्या जोड्यांची एक यादी, कारखान्यातून येताना असतात तसल्या. इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि अंक मिळून आठ जागांचे पासवर्ड २१८ लाख कोटी तऱ्हांनी बनू शकतात. त्यातला एखादा निवडण्याऐवजी लोकांनी ‘ॲडमिन’ तसंच राहू दिलं होतं. भारतात कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या चाचण्या आता सक्तीच्या झाल्या आहेत, पण त्या नव्या मालासाठी. भिंतीवरचा जुना डीव्हीआर तुमच्यावरच सोपवलेला आहे.

आणि घड्याळ. डीव्हीआरमधलं साधं क्वार्ट्‌झ घड्याळ दहा लाखांत वीस भागांनी चुकतं. दिवसाला पावणेदोन सेकंद. वर्षाला साडेदहा मिनिटं. सायकलचोराच्या बाबतीत एवढं चालूनही जाईल, पण वेळेलाच कधी कधी सगळं महत्त्व असतं. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याचा निकाल २९६ मतांनी लागला. मग वाद न्यायालयात गेला तो विजयी उमेदवाराने अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दिला की नंतर यावर, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुरावा म्हणून पुढे आलं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२०मध्ये सांगितलं, की मूळ यंत्र न आणता नक्कल सादर करायची तर सोबत प्रमाणपत्र हवंच. आता १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या प्रमाणपत्रात फाइलचं ‘हॅश’ही लिहावं लागतं.

हॅश म्हणजे फाइलच्या सगळ्या बाइटमधून गणिताने काढलेला ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीत तो २५६ बिटांचा असतो. तसे ठसे किती संभवतात? ७८ अंकी संख्या. भास्कराचार्यांचा परार्ध १८ अंकी, त्याच्यापुढे आणखी साठ स्थानं. फुटेजमधला एक ठिपका बदलला तरी सगळा ठसा बदलतो. पोलीस ठाण्यात पेन ड्राइव्ह देताना हा ठसा सांगतो, की फाइल डीव्हीआरमधून निघाली तशीच आहे.

डीव्हीआरवरची तारीख खरी होती का, हे तो सांगत नाही. आतला नाण्याएवढा सेल संपलेला असेल आणि वीज जाऊन आली असेल, तर अनेक डीव्हीआर १ जानेवारी २००० किंवा तसल्याच तारखेपासून मोजायला लागतात, आणि ७८ अंकी ठसा ती तारीख जशीच्या तशी जपतो. सेटिंगमध्ये ‘एनटीपी’ नावाचा पर्याय असतो. तो सुरू केला की डीव्हीआर इंटरनेटवरून वेळ जुळवून घेत राहतो. कॅमेरे लावणारा माणूस शिडी गुंडाळायच्या आत त्याच्याकडून तेवढं करून घ्यावं, आणि मोबाइल शेजारी धरून दोन्हींवरचे सेकंद जुळतात का बघावं.